आतून कडी

माझ्या मुलीचे सांधे सुजायला लागले तेव्हा ती आठ वर्षांची होती. आधी गुडघे, मग मनगटं, मग बोटं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांधेवात सांगितला. लहान मुलांनाही सांधेवात होतो हे तोवर मला माहीत नव्हतं.

माझी बायको सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिची ड्यूटी बहुतेक सकाळची. माझं दोंडाईच्यात सायकल दुरुस्तीचं दुकान, घराच्याच पुढच्या खोलीत. दोघांपैकी एकाचं काम थांबणं भाग होतं. मी शटर खाली ओढलं. कोणी विचारलं की सांगायचो, पोरगी बरी झाली की उघडू.

सकाळी तिचं अंग आखडलेलं असायचं. मी तिला उचलून न्हाणीत न्यायचो, आंघोळ घालायचो, कपडे चढवायचो, वेणी घालायचो, घास भरवायचो. दीड वर्ष असं चाललं. औषधांनी सूज बरीच उतरली तरी माझा क्रम बदलला नाही. असा बाप पाहिला नाही, असं शेजारी म्हणायचे, आणि ते ऐकायला मला आवडायचं.

एका खेपेला धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासून कागदावर लिहिलं, ओटीला दाखवा. ओटी म्हणजे ऑपरेशनची खोली, एवढंच मला ठाऊक. मुलीला कळू न देता मी खिडकीवर विचारलं, तर त्यांनी बोळाच्या टोकाची खोली दाखवली. तिथे टेबलावर मातीचे गोळे, कपड्यांचे चिमटे, बटणं लावलेली एक पाटी. एक मॅडम बसल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांना अंदाज आला असावा. इथे कापाकापी नसते, त्या म्हणाल्या. ही ऑक्युपेशनल थेरपी. रोजची कामं माणसाला आपली आपण कशी करता येतील, ते आम्ही बघतो.

त्यांनी मला कालचा दिवस सांगायला लावला. मी उठल्यापासून सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, हा तिचा दिवस झाला, आता तुमचा सांगा. माझा असा वेगळा दिवस उरलाच नव्हता. थोडा रागही आला. पहाटेची गाडी धरून आलो ते मुलीसाठी, माझी चौकशी कशाला? त्यांनी मग मुलीला कसं उचलतो ते करून दाखवायला सांगितलं. मी वाकलो तेव्हा कमरेत कळ आली आणि ती त्यांनी बरोबर टिपली. असंच उचलत राहिलात तर वर्षभरात तुम्हीच माझ्याकडे पेशंट म्हणून याल, त्या म्हणाल्या. दुकान किती दिवस बंद आहे तेही विचारलं. मी दीड वर्ष म्हणालो.

मग त्या मुलीकडे वळल्या. "तुला कुठली गोष्ट स्वतःची स्वतः करावीशी वाटते?"

मला वाटलं, ती सायकल म्हणेल. तिने माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे.

"मला आंघोळ करताना आतून कडी लावायचीय."

पोरगी दहाची होत आली होती. रोज सकाळी ती मान वळवून, डोळे मिटून उभी राहायची, आणि मी समजायचो की साबण झोंबतो म्हणून.

परतीच्या गाडीत चिमठाणे गाव मागे पडलं. मग मी म्हणालो, उद्यापासून तुझी तू कर. ती म्हणाली, "उद्या नाही होणार, पप्पा. आधी नळ बदलावा लागेल." तिने सगळा विचार आधीच करून ठेवला होता. नळाची चकती तिला फिरवता येत नव्हती, तांब्या जड होता, साबण निसटायचा, उठताना धरायला काही नव्हतं. मी तिकिटाच्या मागे लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हत्यारं काढायला शटर वर केलं. नुसता हाताने ढकलता येईल असा लांब दांडीचा नळ आणला. भिंतीत लोखंडी पाइप ठोकून बसवला आणि हात घसरू नये म्हणून त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. प्लॅस्टिकच्या मगाच्या कानाला हँडलची रबरी मूठ चढवली, म्हणजे बोटं फार वळवावी लागणार नाहीत. साबण जाळीच्या पिशवीत टांगला. बसायला उंच स्टूल ठेवलं आणि मदत लागली तर वाजवायला स्टुलाजवळ सायकलची घंटी लावली.

पाइप कापत होतो तेव्हा एक जुने गिऱ्हाईक, आबा, सायकल ढकलत आले. "दुकान उघडं शे का?" मी नाही म्हणणार होतो, पण मागचं चाक पार बसलेलं दिसलं. पंक्चर काढलं. हात काळे झाले, ते बघून मला इतकं बरं वाटलं की मीच चकित झालो.

कडीचा प्रश्न उरला होता. कडी बाहेरूनही उघडता आली पाहिजे, असं मॅडमनी फोनवर बजावलं होतं. मी कडीला दोरी बांधली आणि दाराला भोक पाडून ती बाहेर काढली. मुलीला ते पसंत पडलं नाही. बरीच घासाघीस झाली. शेवटी तिने अट घातली, घंटी वाजल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही. मी कबूल केलं.

त्या रविवारी बायको घरी होती. तिने गरम पाण्याची बादली आत ठेवली, मुलगी हळूहळू चालत गेली आणि कडी लागली. मी दाराशी उभा राहिलो.

"पप्पा, तुम्ही तिथेच आहात ना?" आतून आवाज आला.

"हो."

"मग दुकानात जा ना."

मी जाऊन एका चाकाच्या तारा कसत बसलो. पाण्याचा आवाज येत होता, मधेच थांबत होता. थांबला की माझा पाना थांबायचा. पाऊण तास लागला. ती बाहेर आली तेव्हा कानामागे फेस तसाच होता. माझा हात पुढे झाला, तो मी खिशात घातला. बायको माझ्याकडे बघून हसली.

आता मुलगी सातवीत आहे. दुकान रोज दहाला उघडतं. आजार गेलेला नाही, मधूनच डोकं वर काढतो, पण तो जाण्याची वाट बघत आता आम्ही काही थांबवून ठेवत नाही. गेल्या थंडीत तिची बोटं पुन्हा सुजली. सकाळी ती अंथरुणात बसून थोडा वेळ हात उघडमीट करत राहिली, मग म्हणाली, "आज वेणी तुम्ही घाला. आंघोळ मी करते." मी घातली. सवय मोडल्यामुळे वेणी एका बाजूला कलली. तिने आरशात पाहिलं, चालेल म्हणाली आणि तशीच शाळेत गेली.