पाचशे बारा बाइटचा ब्लॉक

...नाही काका, मी मशीन पुसत नाही. परवा टपरीवर तुमी परत तेच सांगितलं म्हणे, "नववी फेल पोट्टं कॉम्प्युटरवर काय करन, फडकं मारून राह्यलं असन." बाबांनी फोनवर हे सांगितलं. म्हणून इथं गावच्या ग्रुपवरच लिहितो, सगळ्यांनी वाचावं.

बंगळूरला मी वायरिंगच्या कामाला आलो. कोड मोबाइलवर शिकलो. जिथं वायरी ओढल्या त्याच ऑफिसनं महिनाभर ट्रायलला खुर्ची दिली... जमलं तर कायम, नाही तर परत वायरी ओढायला.

ट्रायलच्या शेवटच्या दिवशी रक्त तपासणाऱ्या एका लॅबची जुनी फाइल हाती आली. हजारो पेशंट त्या एकाच फाइलमध्ये, प्रत्येकाला सारख्या मापाचा एक ब्लॉक. कोडनं फाइल उघडायची, नंबर द्यायचा, थेट त्या ब्लॉकवर उडी मारून वाचायचं. ब्लॉक पाचशे बाइटचा, असं आमच्या सीनियर सरांनी सांगितलेलं.

पहिलं नाव बरोबर आलं. दुसऱ्याच्या आधी थोडा कचरा... पन्नासाव्याला तर दुसऱ्याच माणसाच्या रक्ताचा रिपोर्ट. सर म्हणाले, फाइलच खराब आहे, सोडून दे.

मला आमची कपाशी आठवली. गाठी मारलेली दोरी ताणायची, गाठीपाशी बी टोबायचं. एकदा माझ्या हातच्या गाठी बोटभर आखूड पडल्या. सुरुवातीला झाडं बाबांच्या ओळींशी जुळली, पण बांधापाशी एवढी सरकली की तण काढायचा डवरा आडवा चालेना. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वावर नाई चुकलं बाप्पा, दोरी मोज."

मग इथंही दोरी मोजली. एका नावाच्या पहिल्या अक्षरापासून पुढच्या नावाच्या पहिल्या अक्षरापर्यंत, एकेक बाइट. पाचशे बारा निघाले! कोडमधला आकडा बदलला, फाइल परत उघडली... शेवटचा पेशंटही आपल्या जागेवर.

सरांनी खुर्ची ओढली, स्वतः मोजून पाहिलं. कुठं शिकलास, विचारलं.

"बापाच्या वावरात, सर."

खुर्ची कायम झाली, काका. आणि माझ्या बहिणीला, सुमनला, तुमी म्हणालात ना, पोरीले कॉम्प्युटर काऊन पाहिजे? आदिलाबादच्या क्लासची तिची फी आजच पाठवतोय, आठ हजार. वर थोडे जास्त टाकलेत, टपरीवर त्या दिवशी हसलेल्या सगळ्यांना बाबांच्या हातून चहा.

एकूण आठ हजार पाचशे बारा रुपये.