पोचकाकूंची खोवणी

सोमवार, ८ डिसेंबर. रजा टाकून लेकीच्या, मुक्ताच्या लग्नात आलेल्या भेटवस्तूंचे दोन ढीग केले. एक ठेवायचा, एक पुढच्या लग्नांत फिरवायचा. फिरवायच्या ढिगात तीन घड्याळं, पाच गणपती आणि एक नारळाची खोवणी गेली. ओट्याच्या कडेला स्क्रूने बसवतात आणि दांडा फिरवतात, तसली. वापरलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून बिस्किटांच्या जुन्या डब्यात घातलेली. नाव नाही, चिठ्ठी नाही. कुणीतरी माळा आवरताना दिली असणार, असं मी धरून चालले.

दुपारी ठाकूरद्वारहून, माहेरच्या चाळीतल्या पोचकाकूंचा फोन आला. मुक्ताने सगळ्यांना फोटोसकट एकच आभाराचा मेसेज पाठवला होता, तो त्यांनाही गेला होता. "मेसेज पोचला गं," काकू म्हणाल्या. "खोवणी पोचली का, ते त्यात दिसलं नाही."

पोचली, पोचली, असं मी दोनदा म्हणाले. एकदा पुरलं असतं.

काकूंनी उभ्या आयुष्यात आभाराची शेकडो पत्रं लिहिली, पण एकातही 'आभार' हा शब्द नाही. एका बोटीच्या कंपनीत त्या आवक-जावक सांभाळायच्या. आलेल्या प्रत्येक कागदाची पोच द्यायची, ही तिथली सवय त्यांनी आमच्या चाळीत आणली. चाळीत लग्न झालं की चार दिवसांनी त्या नव्या नवरीच्या दारात उभ्या. "पोच लिहिलीस का?" त्यांचं खरं नाव मला लग्नाच्या वयापर्यंत माहीत नव्हतं.

नियम एकच. वस्तू वापरल्याशिवाय पत्र लिहायचं नाही. माझ्या लग्नात सहा लेमन सेट आले होते, त्यातले चार तर अगदी एकसारखे. मी म्हटलं, एकच मजकूर सहा वेळा उतरवते. काकूंनी सहाही खोकी उघडायला लावली. तीन दिवस घरात सगळे सरबत पीत होते. कुठल्या जगची धार सरळ पडते, कुठला ग्लास आजोबांच्या हातात नीट बसला, हे त्या मला बघायला लावायच्या आणि तेच लिहायला लावायच्या. मी कुरकुरले. "सेट सारखे आहेत," काकू म्हणाल्या. "देणारी माणसं सारखी आहेत का?" सहा पत्रं झाली आणि एकातलं वाक्य दुसऱ्यात आलं नाही. मला चटकन कुणाचं कौतुक वाटत नाही. त्या दिवशी वाटलं.

काळाचौकीचे सावंतमामा बाबांच्या गिरणीत होते. त्यांनी स्वतःच्या हाताने केलेला पाट दिला होता. काकूंनी मला त्यावर बसवून जेवायला घातलं. पाट डुलत होता. काकूंनी सांगितलं, तसं लिही. बाबा हादरले. दिलेल्या वस्तूची खोट कुणी लिहितं का, माणसाला काय वाटेल, असं बराच वेळ चाललं. काकूंनी ऐकून घेतलं आणि पत्र स्वतः पेटीत टाकून आल्या. 'पाटावर बसून जेवले. डावा कोपरा जरा डुलतो, खाली कागदाची घडी घातली आहे.'

रविवारी सावंतमामा कानस घेऊन दारात. खिशात ते पत्र. कोपरा घासला, पाट जमिनीवर ठेवून चारही बाजूंनी दाबून पाहिला, चहा घेतला. निघताना बाबांना म्हणाले, "माका आजवर कोणी पत्र लिवूक नाय." पुढे गिरणी बंद पडली, बाबांचे बाकीचे सोबती पांगले. मामा मात्र बाबा असेपर्यंत दर दिवाळीला येत राहिले, आणि आले की आधी पाट मागवून बघायचे.

तर काकूंनी फोनवर पुढचं सांगितलं. चाळ पाडणार आहेत. बुधवारी सकाळी त्या भाचीकडे बेळगावला जाणार, कायमच्या. खोवणी त्यांच्या लग्नातली, तिथे न्यायची नव्हती. "पोच लिहायची तर उद्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "मग इथे पत्र घ्यायला कुणी नाही." आवाज नेहमीचाच होता. मी फोन ठेवला आणि फिरवायच्या ढिगातून तो डबा बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला खोवणी आणि दोन नारळ घेऊन परळला मुक्ताची बेल वाजवली. आई, अगं मेसेज पाठवलाय ना, वगैरे झालं. मी नारळ फोडून दिला, खोवणी कुठल्या ढिगात होती ते सांगितलं आणि स्टुलावर बसले. मदत केली नाही. तासाभराने पोहे झाले, ते जावई निखिलसकट आम्ही तिघांनी खाल्ले आणि मी तिच्यासमोर कागद ठेवला. काय लिहू, म्हणाली. जे झालं ते लिही, म्हटलं.

'आजी, खोवणी आमच्या ओट्याला बसली नाही, ग्रॅनाइट जाड आहे. लॅपटॉपच्या टेबलाला बसवली. पहिल्या वाटीला मला वीस मिनिटं लागली, दुसरीला सात. दांडा एका जागी झिजला आहे, अंगठा आपोआप तिथे जातो. निखिलने पोहे दोनदा घेतले. आईने ही फिरवायच्या ढिगात ठेवली होती.'

शेवटची ओळ खोडायला मी पेन मागितलं. तिने दिलं. मी ते तसंच परत केलं.

ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं, ठाकूरद्वारला गेले आणि पत्र काकूंच्या हातात दिलं. त्या भिंग घेऊन एकेक ओळ वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आल्या, तोवर मी समोर उभी राहिले.