मालूबाईची मुरमाड लसूणघास

बुधवारा पेठेत लसूणघास म्हटली की मालूबाईचीच. तिचं शेत टेकाडावर, मुरमाचं. तिथला पाला बारीक, काडी चिवट, पण ती घास कुठल्या म्हशीला बाधली असं कधी झालं नाही. तापीकाठच्या गाळातली घास वेगळीच. मऊ, रसरशीत, सत्त्वानं भरलेली. पण ती कडब्यात मिसळून थोडी थोडी द्यायची, नाहीतर ढोराचं पोट फुगतं. काडी दाताखाली धरली की कुठल्या जमिनीतली, ते मालूबाई सांगायची. "माझी घास मुरमाची, डोळे मिटून टाका!" वीस वर्षं हाच तोरा.

आणि त्याच बाईनं आज काय करावं? टेकाडावरची कापणी संपलेली, नवी फूट यायला आठवडा. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तिनं नदीकाठची घास उचलली, सकाळीच गिरधरच्या दारात पेंढ्या टाकल्या आणि गुमान पुढे गेली. अगं, दोन शब्द सांगायला काय झालं होतं!

दहाच्या सुमारास परत फिरताना गिरधरच्या गोठ्यातून आरडाओरडा ऐकू आला. म्हणून ती आत शिरली. म्हैस पाय झाडत होती, डावी कूस तट्ट फुगलेली, जीभ बाहेर. काय झालं ते मालूबाईला एका नजरेत कळलं.

गिरधर सुनेवर तुटून पडला होता. "पिठाचा डबा उघडा टाकलास ना? म्हशीनं फस्त केलं! हत्यारीण आहेस तू!"

"बाबा, डबा उघडा राहिला, पण पीठ तेवढंच आहे, कसम से!" तृप्ती रडकुंडीला आली होती. तिचं ऐकतो कोण?

मालूबाई खांबाला धरून उभी राहिली. बोलावं तर वीस वर्षांचं नाव गेलं. उद्यापासून सगळा बुधवारा दुसऱ्या दारची घास घेणार.

तेवढ्यात ढोरांच्या डॉक्टरांचा फोन लागला. ते नेपानगरला होते. "यायला तास लागेल. पीठ खाल्लं असेल तर सोडा पाजा, कोवळा पाला असेल तर गोडंतेल. चुकीचं पाजून वेळ घालवू नका. नक्की काय खाल्लं?"

"पीठच!" गिरधर ओरडला आणि पाण्यात सोडा कालवू लागला.

म्हशीनं गुडघे टेकले.

"थांबा! पीठ नाही," मालूबाई किंचाळली. "माझी घास आहे. गाळातली. मी सांगितलं नाही तुम्हाला."

फोनमधून आवाज आला, "तेल पाजा. लवकर!"

तृप्ती धावत तेल घेऊन आली. मालूबाईनं म्हशीचं तोंड वर धरलं, तेल पाजलं आणि हात भरून येईस्तोवर कूस चोळली. अर्ध्या तासानं म्हशीनं दणदणीत ढेकर दिला. मग दुसरा. गिरधर मटकन खाली बसला.

"वाचली रे देवा! बोललीस ते बरं केलंस, मालूबाई."

मालूबाईला हायसं वाटलं, डोळे भरून आले. तृप्ती कोपऱ्यात हात धूत होती. तिच्याजवळ जाऊन मालूबाई म्हणाली, "वाचलं बघ पोरी, जनावर."

तृप्तीनं मान वर केली. "हो, मावशी. पण बाबा मला हत्यारीण म्हणाले, तेव्हा तुम्ही खांबाला धरून उभ्या होत्या. मी बघत होते."