बारावा शिकंजा

घरात पाण्याचे पितळी गुंड दोन आणि शिकंजे अकरा, असा रुख्माबाईचा संसार. नवरा कवडू, सालेकशाजवळच्या खेड्यातला, तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीचा, पाच एकर धानाचा धनी. गावचा तलाव त्याच्याच आज्याने बांधलेला. पण याला नाद सुतारकामाचा. फळीला फळी सरसाने चिकटवायची आणि सरस वाळेपर्यंत लोखंडी शिकंज्यात आवळून ठेवायची. पाटाला दोन शिकंजे पुरतात, असं गावचा सुतारही सांगे. हौसेला मोल नसतं म्हणणाऱ्यांनी एकदा रुख्माला भेटावं.

"काऊन जी, माणसाले किती शिकंजे लागतेत?" ती विचारायची.

"एक कमीच पडते," तो हसून म्हणायचा.

त्रेपन्न साली कवडूने एक चूक केली, आणि तीही कोहळ्याने करू नये अशी. तलावाच्या पाळीवरचं, मातीच्या बांधावरचं झाड तोडत नाहीत. त्याच्या मुळ्या माती धरून ठेवतात. हे त्याला बोलता येण्याआधी शिकवलेलं. पण पाळीवरचं जुनं जांभूळ अर्धं वाळलं होतं आणि लाकूड त्याच्या डोळ्यांत भरलं. त्याने ते पाडलं आणि वाळवून रुख्मासाठी संदूक करायला घेतली.

संदूक झाली, पण झाकणाच्या दोन फळ्या जुळेनात. शिकंजे आवळले की सांध मिटे, सोडले की बोटभर उघडे. तिसऱ्यांदा सोडले त्या दुपारी शेजारचा पुनाराम धापा टाकत आला. पाळीला, जांभळाच्या बुंध्यापाशीच, बोटभर भेग पडली होती.

रुख्मा पाळीकडे धावली. कवडू मात्र मागे पडवीतच राहिला आणि त्याने तेव्हा असलेले चारही शिकंजे आवळले. तिच्या डोळ्यांदेखत भेग मिटली. घरी येऊन तिने झाकणाला हात लावला. लाकूड उन्हाळाभर वाळवलेलं, तरी सांध ओली होती आणि बोटांना गाळाचा वास आला.

दोघांनी कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? मालगुजारांची जमीनदारी गेली होती, तलाव सरकारजमा झाला होता, आणि पाळीकडे कोणी पाहत नव्हतं. तलाव फुटला तर अख्ख्या गावाचं धान वाहून जाणार होतं. दर पावसाळ्यात पाणी चढलं की सांध उघडायची, मग कवडू गोंदियाहून आणखी एखाद-दुसरा शिकंजा आणायचा. लोक म्हणायचे, संदूक काही होईना, शिकंज्यांचं दुकान मात्र झालं.

अठ्ठावनच्या भादव्यात कवडू तापाने गेला. दहाव्याला धाकटा दीर बकाराम पडवीत उभा राहिला.

"वयनी, हे लोखंड पडून कायले ठेवता? मी नेतो."

"हात नोका लावू, भाऊजी."

त्याने तोवर एका शिकंज्याची दांडी अर्धा फेरा सैल केली होती. लाकूड करकरलं. लगेच तलावाकडून तोच आवाज आला, पण मोठा. बकारामने हात काढून घेतला आणि पुन्हा तो त्या पडवीत आला नाही.

रुख्माने अकराही दांड्या शेवटपर्यंत पिळल्या. तरी सांधीतून एक थेंब पडला, मग दुसरा. ती दारात आली. पुनाराम गोंदियाच्या गाडीसाठी निघाला होता.

"पुनारामभाऊ," जन्मभर त्या लोखंडाला नावं ठेवणारी रुख्मा म्हणाली, "एक शिकंजा आणजो. एक कमी पडून राहिला."