पुसलेला चिखल

गावाबाहेरच्या माळावर काल मोटारसायकलींची शर्यत झाली. त्यात एक मुलगी दुसऱ्या क्रमांकावर आली. तिनं हेल्मेट काढलं तेव्हा चेहरा चिखलानं माखलेला होता, वेणी कॉलरच्या आत घट्ट खोचलेली होती, आणि हँडल सोडल्यावरही हात थरथरत होते. मी त्या हातांकडेच बघत राहिले.

तेवढ्यात पेपरचा फोटोग्राफर पुढे आला. "मॅडम, जरा तोंड पुसा. वेणी सोडून हेल्मेट परत घाला, आणि काढताना केस मस्त मोकळे येऊ द्या."

"आणि गाडी?" तिनं विचारलं.

"ती राहू दे बाजूला."

थरथरत्या बोटांना वेणी सुटेना. "लवकर करा, उजेड जातोय," तो म्हणाला. पहिल्या आलेल्या मुलाला मात्र कुणी तोंड पुसायला सांगितलं नाही. त्याचा चिखल पदकासारखा मिरवला गेला.

आज सकाळपासून कितीदा पेपर उघडला, मिटला. चहा निवून गेला. फोटो छानच आलाय की, असं स्वतःला समजावलं, तरी एका जागी बसवेना. पुरुषाच्या अंगावर शर्यत दिसायला हवी आणि बाई शर्यतीला गेलीच नव्हती अशी दिसायला हवी, हे ठरवलं कुणी?

शेजारच्या काकू पेपरात डोकावल्या. "कुठल्या शाम्पूची गं ही जाहिरात?"

मी फोटोत तिचे हात शोधत होते. फोटो खांद्यापाशीच संपला होता.