साठ डेसिबलचं बोलणं

डेसिबलची आणि माझी पहिली भेट झाली, त्या दिवशी त्याने अवघ्या वीस मिनिटांत माझा एकोणीस वर्षांचा संसार धोक्यात आणला. मला कमी ऐकू येतं, या एका समजुतीवर तो संसार सुरळीत चालला होता. शेवटी बायकोने मला धरून इस्पितळात नेलं आणि कान तपासणाऱ्या तंत्रज्ञापुढे बसवलं. त्याने मला काचेच्या खोलीत कोंडलं, कानांवर हेडफोन चढवले आणि निघालेला आलेख थेट तिच्या हातात दिला. "वहिनी, भिंतीवरून पाल चालली तरी यांना ऐकू येईल." त्यानंतर बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, ते मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

तरीही आमची मैत्री झाली. आवाज मोजतो म्हणून सगळं इस्पितळ त्याला डेसिबल म्हणायचं. जे आलेखावर उमटत नाही ते जगात नाही, असा त्याचा खाक्या. घरात देव नव्हते, वजनकाटे दोन होते. लवकर निवृत्ती मिळावी म्हणून बहिरेपणाचं सोंग घेऊन आलेल्यांना तो कागद चाळता चाळता हलक्या आवाजात म्हणायचा, "साहेब, पँटची चेन उघडी आहे." हात खाली गेला की तपासणी संपली.

एका सकाळी त्याची बायको म्हणाली, डोकं ठणकतंय, काहीतरी वेगळंच वाटतंय. त्याने ताप पाहिला, रक्तदाब मोजला, दोन्ही आकडे तिला दाखवले आणि म्हणाला, "तुला काही झालेलं नाही." मग डबा घेऊन कामावर गेला. अकरा वाजता तिला त्याच इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर आणलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिने डोळे मिटले होते, ते मिटलेलेच राहिले.

मेहुणी रोज येऊन बहिणीशी तासभर गप्पा मारायची. कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं, घरमालक पाण्यावरून कसा भांडला, सगळं. डेसिबल खुर्चीत मख्ख बसलेला. तिला ऐकू येतं, असं मेहुणी म्हणाली की हा पुरावा मागायचा. खरं तर त्यालाही तिला एक गोष्ट सांगायची होती. त्या सकाळी माझं चुकलं, एवढीच. पण रिकाम्या घराचं दार ठोठावायची त्याची तयारी नव्हती.

आधी त्याने आपली हुकमी युक्ती केली. तिच्या कानाशी वाकून पुटपुटला, "स्वयंपाक तुझ्यापेक्षा तुझी बहीण चांगला करते." बावीस वर्षांत या वाक्यावर ती कधी गप्प बसली नव्हती. पापणीसुद्धा हलली नाही. मी दाराशी होतो. मला हसू आलं, आणि अर्ध्यावरच गेलं.

मग डॉक्टरांची परवानगी काढून त्याने खालचं कान तपासायचं यंत्र वर आणलं. तिच्या कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवल्या, कानात बारीक टकटक सोडली. आलेख सुरेख आला, एकामागून एक लाटा. काय निघालं, मेहुणीने विचारलं.

"आवाज मेंदूच्या उंबरठ्यापर्यंत जातो. पुढे तो ऐकायला कोणी आहे का, हे यात कळत नाही."

"मोठं यंत्र असेल ना एखादं?"

"असतं. पण 'कोणी नाही' असं तेही छातीठोक सांगत नाही."

"मग बोला ना, भाऊजी."

"आणि ती नसलीच तर?"

"आणि असली तर?"

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर चार वाजता तो बोलायला बसला. तेही शास्त्रोक्त. अंतर हातभर, कान उजवा, कारण त्या बाजूची लाट किंचित बरी होती, आवाज साठ डेसिबल, म्हणजे साध्या बोलण्याइतका, आणि खात्रीसाठी उशीशेजारी मीटर. "त्या दिवशी माझं चुकलं. तू सांगत होतीस आणि मी आकडे बघत बसलो." मग घड्याळ लावून एक मिनिट वाट पाहायची आणि वहीत लिहायचं: प्रतिसाद नाही. रोज तेच वाक्य, रोज तीच नोंद.

पोचतं असं वाटायला लागलंय का, मी एकदा विचारलं.

"नाही रे," तो म्हणाला. "पण पोचत नाही, हेही मला सिद्ध करता आलेलं नाही."

तिसऱ्या आठवड्यात त्याने मीटर आणणं सोडलं. पाचव्यात घड्याळ लावणं. मेहुणी सांगते, तो आता मधूनमधून घरमालकाबद्दलही बोलायचा.

त्रेचाळिसाव्या दिवशी दुपारी सव्वातीनला ती गेली. तेव्हा तो खाली एका बसड्रायव्हरचा डावा कान तपासत होता.