नाका उठल्यावरचा गूळ

माझं माहेर नगरकडचं, म्हणजे नाक्यापलीकडचं. लग्न होऊन सोनपेठजवळ गोदाकाठच्या गावात आले, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. पण हद्दीवरचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका अजून होताच. माहेरून येताना तिथे माझं गाठोडं उलटंपालटं करायचे. मला त्या नाक्याचा भारी राग.

सासऱ्यांचा मात्र त्या नाक्यावर जीव. आमचं गुऱ्हाळ होतं. बाहेरच्या गुळावर जकात बसे, म्हणून आमचा काळाकुट्ट गूळ बाजारात बिनघोर खपे. उसाचा रस निवळायला त्यात रानभेंडीचा चिकट रस घालावा लागतो. ती खटपट घरात कधीच बंद झाली होती. "गिऱ्हाईक जाणार कुठं?" असं सासरे म्हणत. पण याच गुऱ्हाळावर गावातली पाच-सहा घरं हंगामभर जेवत होती, हेही खरंच.

मग नाका उठला. नगरकडचा पिवळाधमक गूळ सोनपेठच्या आठवडी बाजारात आला आणि आमच्या ढेपा बैलगाडीतून परत घरी यायला लागल्या. असंच चाललं तर गुऱ्हाळ मोडायचं, हे सगळ्यांना दिसत होतं. सासऱ्यांना व्यापाऱ्यांचा संशय, सरकारचा संशय आणि माझाही.

"तुझ्या माहेरच्यांनी औषध घातलंय ह्यात," ते म्हणाले. "अन् एकदा आमच्या कढया थंड झाल्या, की मग बघा ह्यांचा भाव."

दुसरं बोलणं मलाही पटलं. पहिल्याने मात्र अंगाचा तिळपापड झाला.

औषध तळाला बसेल म्हणून त्यांनी नगरकडचा गूळ विकत आणून काचेच्या पेल्यात पाण्यात विरघळवला आणि ओसरीवर राखण करत बसले. पाणी नितळच राहिलं.

"आता आपला बी टाका की," सासूबाई आतून म्हणाल्या.

टाकला. थोड्या वेळाने पेल्याच्या तळाला बोटभर गाळ.

पुढच्या हंगामात सासरे रानभेंडी आणायला स्वतः गेले. गूळ असा उतरला की मलाही तो माहेरचा वाटावा.

बाजारात सासूबाई आणि मी त्यांच्यामागे बसलो होतो. एका बाईने खडा तोंडात टाकला.

"लय चांगला हाय. नगरकडचा ना?"

सासऱ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," म्हणाले, "तिकडचाच हाय." आणि तराजू उचलला.